चहाच्या वेळेतलं इतिवृत्त

१

पाचवा विषय कुत्र्यांच्या परवान्यांचा होता. त्यावर पाऊण तास वाद झाला. सहावा, बाजारातल्या हातगाड्यांनी संध्याकाळी किती वाजता उठावं. त्यावर दोन सभासद एकमेकांच्या अंगावर धावून गेले आणि बाकीच्यांनी त्यांना धरून खाली बसवलं. मग सातवा पुकारला गेला : ‘बागेतील लाकडी पुलावरील दुर्घटना, माहितीसाठी.’

त्याला चार मिनिटं लागली.

त्या दुर्घटनेत गेलेला माणूस रेघाताईचा सख्खा भाऊ होता. आणि नगरपरिषदेच्या सभेत बोललेला शब्दन्‌शब्द लघुलिपीत उतरवून घ्यायचं काम रेघाताईचं होतं. सव्वीस वर्षं ती तेच करत आली होती. तिच्या त्या रेघोट्यांवरूनच कचेरीत तिला सगळे रेघाताई म्हणायचे.

उद्यान अधीक्षक उभे राहिले. आडवा बांधा, खर्जातला आवाज. “सदर पुलाबाबत आजतागायत एकही तक्रार, लेखी वा तोंडी, आमच्याकडे आलेली नाही. पुलाची फळी खचल्याचं कळवणं हे बागेच्या राखणदाराचं काम होतं. त्यानं ते केलं नाही. धोक्याचा फलकही लावला नाही. सबब त्याला कामावरून कमी करण्याचा प्रस्ताव परवा, सोमवारी होणाऱ्या विशेष सभेपुढे ठेवत आहे.”

“अनुमोदन,” कोणीतरी जांभई देत म्हणालं.

रेघाताई लिहीत होती. दादा घड्याळं दुरुस्त करायचा. रोज सकाळी साडेआठला त्या पुलावरून दुकान उघडायला जायचा, तेवढाच दहा मिनिटांचा रस्ता वाचतो म्हणून. बरोबर पंधरा दिवसांपूर्वी मधली फळी तुटली आणि तो खालच्या ओढ्यातल्या दगडावर डोकं आपटून पडला. ओढ्याला गुडघाभरही पाणी नव्हतं. आणि आता तो सातवा विषय झाला होता, माहितीसाठी.

‘फळी’ हा शब्द लिहिताना तिचा हात थबकला.

लघुलिपी लिहिणाऱ्याचं एक असतं. शब्द कानातून शिरतो आणि हातातून निघून जातो, मधे डोक्यात मुक्काम करत नाही. सकाळी सहा तास लिहिलेल्यातलं एक वाक्य संध्याकाळी विचाराल तर आठवणार नाही. पण हाताला आठवतं. ही आखूड, टोकाला वळलेली रेघ आपण याच खुर्चीत बसून आधी एकदा काढली आहे. उन्हाळ्यात, पंखा बंद पडला होता त्या सभेत. घामानं कागद मनगटाला चिकटत होता. ‘पुलाची फळी.’ कोण म्हणालं होतं? कोणाला?

आत्ताच तर अधीक्षक म्हणाले, लेखी नाही, तोंडीही नाही.

सभा संपल्यासंपल्या ती तळमजल्यावरच्या दप्तरखान्यात गेली. तिच्या लघुलिपीच्या अलीकडच्या वह्या तिथं एका फळकुटावर ओळीनं उभ्या असत. सगळ्या एकाच आकाराच्या, एकाच तपकिरी पुठ्ठ्याच्या. गेल्याच मंगळवारी वरच्या मजल्यावरचा नळ फुटून छत गळलं, तेव्हा तिनं सगळ्या वह्या जमिनीवर पसरून वाळवल्या होत्या आणि हाताला येतील तशा परत लावल्या होत्या. मोजून बत्तीस.

आता तिनं मोजल्या. एकतीस.

पुन्हा मोजल्या. मग प्रत्येक वहीवर चिकटवलेली चिठ्ठी वाचत गेली. बंद पंख्याच्या सभेची वही तेवढी नव्हती. ओळीत कुठं फट मात्र दिसत नव्हती. ज्यानं नेली त्यानं बाकीच्या वह्या सरकवून जागा बुजवली होती.

२

दप्तरखान्याच्या दाराशी दप्तरी बसायचे. साठीला टेकलेले, दम्याचे, कपाळावर एक चष्मा आणि नाकावर दुसरा. कचेरीत त्यांना काका म्हणत. किल्ली त्यांच्याकडे एकच होती आणि ती ते जेवतानाही पानाशेजारी ठेवत.

“काका, गेल्या मंगळवारपासून आत कोण कोण गेलं?”

“तुम्हाला सोडून तिघं.” त्यांनी नोंदवही न उघडताच सांगितलं. “बुधवारी उद्यान अधीक्षक. बागेचा नकाशा हवा होता, गुंडाळी करून घेऊन गेले. गुरुवारी सचिवसाहेब, एक जुनी फाईल परत ठेवायला. शुक्रवारी सभापतीबाई. जुन्या सभागृहाचा फोटो बघायचा होता म्हणाल्या. खांद्याला ही एवढी पर्स.”

“किती वेळ होते आत?”

“पाच मिनिटांच्या वर कोणी थांबत नाही. थांबलं तर मी आत जाऊन खोकतो. का हो, काय गेलं?”

तिनं सांगितलं. काकांनी नाकावरचा चष्मा काढून कपाळावर ठेवला आणि कपाळावरचा नाकावर घेतला. “माझ्या दारातून?” ते इतक्या हळू म्हणाले की तिला त्यांच्याकडे बघवेना.

बाहेर ओसरीतल्या बाकावर बागेचा राखणदार बसला होता. तीन दिवस येत होता. कोणी आत घेत नव्हतं. तिला बघून तो उभा राहिला, आणि ती कोणाची बहीण हे आठवून त्यानं मान खाली घातली.

“ताई, तुमच्या पायाशपथ सांगतो, मी पत्र दिलं होतं. उन्हाळ्यातच. अधीक्षकसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. पोच मागितली तर म्हणाले, जा, बघतो. पुलाच्या दोन्ही तोंडांना दोरी बांधली होती. फलक मी स्वतः रंगवला होता. ‘पूल धोक्याचा आहे, पलीकडून जा.’ तिसऱ्या दिवशी कामावर आलो तर दोरी नाही, फलक नाही. विचारलं तर म्हणाले, वरून सांगणं आहे, तू गप्प राहा.” त्यानं मान वर केली. “मी गप्प राहिलो ताई. नोकरी जाईल म्हणून गप्प राहिलो. आता नोकरीही चालली आणि तुमचा भाऊही...”

तिला त्याचा राग आला. त्याहून जास्त राग आला तो त्याच्या डोक्यावर खापर फोडून मोकळे होणाऱ्यांचा. “सोमवारी सभेला ये,” ती म्हणाली. “वरच्या गॅलरीत लोकांना बसता येतं. तिथून तुला कोणी उठवू शकत नाही.”

आणि ती तडक बागेत गेली.

३

अधीक्षकांचं ऑफिस म्हणजे कुंड्यांच्या राशीमागची एक पत्र्याची खोली होती. ते खुर्चीत बसून बूट काढून पायाचा अंगठा चोळत होते.

“दप्तरखान्यात? गेलो होतो. नकाशा आणला, हा बघा. त्याचं काय?”

“माझी एक वही नाहीशी झालीय.”

“मग?”

“त्यात पुलाचं बोलणं होतं.”

त्यांनी पाय बुटात घातला. “ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण म्हणून माझ्यावर चोरीचा आळ? अहो, तुमच्या त्या गांडुळांच्या वह्यांतली कुठली कशाची, हे मला सात जन्मांत कळायचं नाही. मला नाहीशी करायची असती ना, तर सगळ्याच्या सगळ्या पोत्यात भरून नेल्या असत्या. एक कशाला नेऊ?”

“आणि राखणदाराचं पत्र?”

“कसलं पत्र?” ते ओरडले. कुंड्यांना पाणी घालणारी बाई झारी घेऊन लांब सरकली. “त्या पत्राला आवक क्रमांक आहे? नाही! क्रमांक नाही म्हणजे पत्र नाही!”

सभापतीबाई घरी भेटल्या. बैठकीच्या खोलीत भिंतभर त्यांचेच फोटो लावलेले होते. फीत कापताना, रोप लावताना, बाकाचं उद्‌घाटन करताना. बागेच्या पुलावर पाहुण्यांबरोबर हसत उभ्या असल्याचा एक फोटो होता. त्या फोटोत पुलाला दोरी नव्हती.

“वही? कसली वही? त्या लाल-निळ्या फाइलींतली?” त्यांना खरंच ठाऊक नव्हतं की काय, पण कपाळावर आठी उमटली. “हे बघा, इतिवृत्त टाइप होऊन सभेपुढे आलं. सभेनं मंजूर केलं. मंजूर झालेलं तेच खरं. तुमच्या कच्च्या वहीत काय होतं नि काय नव्हतं, त्याला काडीची किंमत नाही.”

“माझा भाऊ गेलाय, बाईसाहेब.”

“म्हणून तर मी शोकप्रस्ताव घेणार होते. पण विषय फार होते.”

रेघाताई तिथून बाहेर पडली. फाटकाची कडी लावताना दोनदा निसटली. तिला वाटलं, परत जावं आणि त्या फोटोंपैकी एक तरी भिंतीवरून ओढून काढावा. ती गेली नाही.

मग तिनं शेवटचं दार ठोठावलं. आणि तिथं मात्र तिला बसायला खुर्ची मिळाली.

४

सचिवसाहेब तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या गावाहून बदलून आले होते. कोणावर आवाज चढवायचे नाहीत. शिपायालाही ‘जरा बघता का’ म्हणायचे. दादा गेला त्या दिवशी कचेरीतून दवाखान्यात आलेले ते एकटेच होते.

त्यांनी दार लावून घेतलं. सगळं ऐकून घेतलं.

“गंभीर आहे,” ते शेवटी म्हणाले. “मी चौकशी लावतो. मीही गुरुवारी आत गेलो होतो. माझंही नाव त्या यादीत घाला. लपवाछपवी नको.” मग थोडं थांबून, “अधीक्षकांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी कोणाचं नाव घेत नाही. पण फलक काढायला माणसं कोणाची जातात?”

तिला पहिल्यांदा बरं वाटलं. कोणीतरी आपल्या बाजूनं बोलत होतं.

“असं करू,” ते म्हणाले. “सोमवारच्या सभेसाठी कार्यालयाचं म्हणणं तयार ठेवू. घ्या लिहून.”

तिनं टेबलाच्या कडेवर वही उघडली. ते टेबलापलीकडून सावकाश सांगू लागले. “राखणदारानं पुलाच्या अवस्थेबाबत कदाचित कोणाकडे तोंडी उल्लेख केला असावा, परंतु त्यानं लेखी पत्र दिल्याचा कोणताही पुरावा कार्यालयाकडे नाही. सबब...”

तिचे डोळे भरून आले. रेघा धूसर झाल्या. हात तरीही चालत राहिला.

“ताई, ‘कदाचित’ राहिलं,” सचिवसाहेब मृदूपणे म्हणाले.

तिनं डोळे पुसले, ओळीत हंसपदाची टोपीसारखी खूण केली आणि वर शब्द घातला. “माफ करा, साहेब.”

“अहो, माफी कसली. तुमची मनःस्थिती...” त्यांनी पाण्याचा पेला पुढं सरकवला. “हवी तर सोमवारी रजा घ्या. मी दुसऱ्या कोणाकडून लिहून घेईन.”

“नको,” ती म्हणाली. “सोमवारी मीच लिहीन.”

५

रेघाताई दादा-वहिनीकडेच राहायची. रविवारी दुपारी वहिनी दादाकडे दुरुस्तीला आलेली घड्याळं परत करत होती. लोक चिठ्ठी घेऊन यायचे, ती खोक्यातून त्यांचं घड्याळ शोधून द्यायची. काही दुरुस्त होती, काही अर्धी उघडलेली. अर्धी उघडलेली ती फडक्यात बांधून द्यायची. पंधरा दिवसांत ती एकदाही रडली नव्हती. तिच्या जबड्याच्या शिरा मात्र सतत ताठलेल्या असायच्या.

शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर ती म्हणाली, “वन्सं, कोण काय म्हणालं ते मला वाचून दाखवा. तुमच्या शब्दांत नको. त्यांच्या.”

रेघाताईनं वही काढली. प्रत्येकाचं बोलणं तिनं तिथून बाहेर पडताच सवयीनं उतरवून ठेवलं होतं. अधीक्षकांचं वाचलं, गांडुळं आणि पोतं, सगळं. सभापतीबाईंचं वाचलं. शोकप्रस्तावाशी आल्यावर वहिनीनं हातातला खोका जमिनीवर आपटला. आतल्या किल्ल्या खणखणल्या. “विषय फार होते! वाचा पुढं.”

मग सचिवसाहेबांचं. वहिनी खांद्यावरून वाकून बघत होती. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण ती बघत होती.

“ही वर टोपी कसली घातलीय?”

“शब्द राहिला होता. तो नंतर घातला.”

“राहिलाय ते तुमच्या लक्षात आलं?”

“नाही, रडत होते मी. साहेबांनी सांगितलं.”

“तुम्ही त्यांना वाचून दाखवलं होतं?”

“छे, लिहिणं चालूच होतं.”

“मग त्यांना काय ठाऊक?” वहिनी म्हणाली. “मला तर हे सगळं सारखंच दिसतंय. त्यात एक शब्द कमी आहे हे पलीकडच्या खुर्चीतून त्यांना कसं दिसलं?”

भिंतीवरच्या एका परक्या घड्याळानं तीनचे ठोके दिले. रेघाताई वहीकडे बघतच राहिली.

त्या माणसाला लघुलिपी वाचता येत होती. नुसती येत नव्हती, तर टेबलापलीकडून, उलटी, दुसऱ्याच्या हातची वाचता येत होती. इतकं सराईत कोण वाचतं? ज्यानं वर्षानुवर्षं स्वतः लिहिलंय तो. आणि तीन वर्षांत त्यांनी कचेरीत एका माणसालाही हे कळू दिलं नव्हतं.

मग पोत्याचा अर्थ लागला. अधीक्षक उर्मट होते, पण बोलले ते अगदी बरोबर होतं. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापुढं बत्तीस सारख्या वह्या, चिठ्ठ्यासुद्धा लघुलिपीत, आणि गळतीनंतर क्रमही मोडलेला. त्यातून पाच मिनिटांत नेमकी एक कशी निवडणार? त्यानं सगळ्या तरी नेल्या असत्या, नाहीतर भलतीच. सभापतीबाईंना तर वहीचा रंगसुद्धा ठाऊक नव्हता. नेमकी वही उचलणारा तिघांत एकच होता.

“मला पुरावा नाही,” ती म्हणाली. “ते म्हणतील, सहज अंदाजानं बोललो.”

“मग पुन्हा वाचायला लावा,” वहिनी म्हणाली. “चारचौघांत.”

६

सोमवारी गॅलरी भरली होती. पहिल्या रांगेत वहिनी आणि तिच्या शेजारी राखणदार. खाली सभापतीबाई उंच खुर्चीत, उजवीकडे सचिव, त्यांना लागून रेघाताईची लहान टेबलखुर्ची. सचिवांच्या मागं जुन्या ठरावांच्या फायली घेऊन काका उभे होते. नेहमीच उभे असत, म्हणून कोणाच्या डोळ्यावर आलं नाही. रेघाताईनं त्यांना सकाळी एवढंच सांगितलं होतं, “साहेबांच्या हातांकडे बघत राहा.”

पहिला विषय रस्त्यावरच्या दिव्यांचा होता. तो चालू असताना तिनं पानाच्या मध्यावर, नेहमीपेक्षा ठळक, एक ओळ लिहिली आणि वही थोडी डावीकडे सरकवली. सचिवसाहेबांची नजर सवयीनं तिच्या पानावरून फिरली.

त्यांचा हात झटकन शर्टाच्या खिशाकडे गेला. त्यांनी खिशात वाकून पाहिलं, पेन काढलं, टोपण तपासलं, बोटं एकमेकांवर घासून बघितली. बोटं कोरडी होती. खिसा पांढराशुभ्र होता.

मग त्यांनी मान वर केली. रेघाताई त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी पेन परत खिशात ठेवलं.

“विषय दुसरा,” सभापतीबाई म्हणाल्या. “बागेचा राखणदार, कामावरून कमी करणे.”

रेघाताई उभी राहिली. “मला बोलायचंय.”

“लेखनिकांना सभेत बोलायचा अधिकार नाही. बसा.”

“सव्वीस वर्षं बसलेच आहे, बाईसाहेब. आज ऐका.”

कुजबुज झाली. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “बोलू द्या हो, त्यांचाच माणूस गेलाय.” आणि ती बोलली. आवाज वाढवला नाही. वही कधी होती, कधी गेली, कोण आत गेलं, बत्तिसांतून एक निवडणं कोणाला शक्य होतं, हे सगळं तिनं पायरी पायरीनं सांगितलं. ‘कदाचित’ कसं राहिलं आणि कोणाला दिसलं, तेही.

सचिव उभे राहिले. “हा केवळ तर्क आहे. मला लघुलिपी येत नाही.”

“काका,” रेघाताई म्हणाली, “आत्ता पाच मिनिटांपूर्वी साहेबांनी काय केलं?”

“खिसा चाचपला,” काका म्हणाले. “पेन बाहेर काढून बघितलं. शाई लागलीय का, असं बोटं चोळून बघितलं.”

तिनं वही उंच धरली. “या ओळीत लिहिलंय, ‘साहेब, तुमच्या खिशात पेन फुटलंय.’ मी तोंडातून शब्दही काढला नव्हता. येत नाही ना तुम्हाला? मग खिशात काय शोधत होता?”

सचिव हळूहळू खाली बसले.

“साहेब, तुम्ही आमच्यातलेच,” ती म्हणाली. “वर चढलात, शिडी लपवलीत, ते तुमचं तुमच्यापाशी. पण लिहिणाऱ्याचा हात आहे तुमचा. अख्खी वही फाडवली का त्या हाताला?”

सचिवांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून पुढं ठेवला. “माझ्या कपाटात. वरच्या कप्प्यात,” ते म्हणाले. “दोनदा जाळायला घेतली. नाही जमलं.”

काका गेले आणि वही घेऊन आले. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली होती.

“सभा तहकूब!” सभापतीबाईंनी हातोडी आपटली. “सभा तहकूब केली आहे!”

कोणी उठलं नाही. रेघाताईनं पान काढलं आणि वाचायला सुरुवात केली.

“सभापती : दहा मिनिटं चहा. सभासद बाहेर जातात. अधीक्षक : राखणदाराचं हे पत्र आलंय, पुलाची फळी कुजलीय म्हणतो, दोरी बांधून फलक लावलाय. सभापती : काढा तो फलक. परवा पाहुणे येणार, फोटो निघणार, आणि तिथं धोका काय लिहून ठेवलाय? अधीक्षक : काढतो. पूल अजून दोन वर्षं जाईल. सचिव : पत्र इकडे द्या, क्रमांक टाकायला सांगतो. सभापती : क्रमांक कशाला? मग उत्तर द्यावं लागेल. सचिव : बरं.”

तिनं श्वास घेतला.

“सचिव : ताई, चहाच्या वेळेतलं घेऊ नका.”

“बरोबरच आहे!” सभापतीबाई किंचाळल्या. “चहाच्या वेळेतलं बोलणं हे सभेचं कामकाज नव्हे! ते सभाशास्त्राला धरून—”

“मरण काय विषयपत्रिकेवर येतं का?” वरून आवाज आला. वहिनी कठड्याला धरून उभी होती. दोन आठवडे आवळून धरलेलं सगळं तिच्या गळ्यातून फुटून बाहेर येत होतं. “एक दोरी होती! चार हात दोरी! तेवढी ठेवली असतीत तर माझा माणूस घरी आला असता! फोटोत वाईट दिसते म्हणून काढलीत? बघा, आता बघा माझ्याकडे! काढा फोटो!”

अधीक्षक दाराकडे निघाले होते. मागच्या बाकावरचे चौघे जण उठून दारात जाऊन उभे राहिले.

७

राखणदाराची नोकरी राहिली. त्याचं पत्रही सापडलं, सचिवांच्या कपाटात त्याच कप्प्यात, घडी न मोडता. सचिव आणि अधीक्षक निलंबित झाले. सभापतीबाईंनी प्रकृतीचं कारण देऊन पद सोडलं. सभासद मात्र त्या राहिल्या, आणि पुढच्याच महिन्यात वाचनालयाच्या वेळांवर अर्धा तास बोलल्या. नवा पूल मंजूर झाला. त्याच्या कठड्याला रंग कुठला द्यावा यावर दोन सभा गेल्या.

पण त्या सोमवारी घरी पोचल्यावर वहिनीनं चपलासुद्धा काढल्या नाहीत. दारातच उभी राहिली.

“त्या पानावर एक तिरपी रेघ होती. मी वरून बघितली. वरपासून खालपर्यंत. ती कशाची?”

रेघाताईला खोटं बोलता आलं असतं. “टाइप करायचं नाही त्या मजकुरावर मारतात,” ती म्हणाली.

“कोणी मारली?”

“मी.”

“म्हणजे तू ऐकलं होतंस.” वहिनीनं तिला आयुष्यात पहिल्यांदा अगंतुगं केलं. “फळी कुजलीय हे तुझ्या कानांनी ऐकलंस. हातांनी लिहिलंस. तुझा भाऊ रोज त्या पुलावरून जातो हे तुला ठाऊक होतं. आणि संध्याकाळी घरी येऊन तू याच खोलीत त्याच्यासमोर बसून जेवलीस. एक शब्द नाही बोललीस!”

“वहिनी, ते डोक्यापर्यंत पोचतच नाही. कानातून हातात—”

“गप्प बस! त्यांनी दोरी काढली. तू रेघ मारलीस. तुझ्यात नि त्यांच्यात फरक काय?”



चौकशी अधिकाऱ्यापुढं तिनं जबाब दिला तेव्हा त्यात जबाबदार म्हणून चार नावं सांगितली. चौथं तिचं स्वतःचं होतं. अधिकारी म्हणाला, “तुम्ही तर हुकमाप्रमाणे केलंत, ताई.” ती म्हणाली, “राखणदारही हुकमाप्रमाणेच गप्प बसला होता. त्याला काढायला सभा निघालीच होती की.” तिला लेखी ताकीद मिळाली आणि तिची बदली जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर झाली. तिथं ती आलेल्या प्रत्येकाला खुर्ची द्यायची आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवून मगच सही घ्यायची. पाठीमागची रांग कुरकुरायची.

घरात दोघी एकाच छपराखाली वेगवेगळ्या जेवत होत्या. वहिनी आपलं ताट झाकून ठेवायची आणि रेघाताई स्वयंपाकघरातून बाहेर पडल्यावर आत जायची. असे एकवीस दिवस गेले. रेघाताईनं दुसरी खोली बघून ठेवली होती. सामान बांधायचं तेवढं राहिलं होतं.

बाविसाव्या दिवशी ती कामावरून आली तर टेबलावर दोन ताटं होती. वहिनी पाठमोरी उभी होती.

“माझा राग गेलेला नाही,” ती न वळता म्हणाली. “जाईल असं वाटतही नाही.”

“जाऊ नये,” रेघाताई म्हणाली.

“खोली बघितलीस म्हणे.”

“हो.”

“सांग त्यांना, नको म्हणून.” वहिनीनं खुर्ची ओढली. पाय फरशीवर करकरले. “माझ्या समोर बसून जेव. रोज. मला बघू दे तुला, आणि तू मला बघ.”

रेघाताई हात धुऊन आली आणि तिच्या समोर बसली.